येळवस आणि गोठलेले दव

मराठवाड्याची कीर्ती उन्हाची. नांदेड-लातूरकडे थंडीने पीक जाते असे सांगितले, तर परगावचा पाहुणा हसतो. पण लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या आमच्या गावी लहानपणी एका पहाटे मी हरभऱ्यावर गोठलेले दव पाहिले आहे. ऊन चढले तशी पाने उकडल्यासारखी काळी पडली. चार दिवसांवर येळवस होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ, म्हणून ही तिळाची अमावस्या, असे कोणी म्हणतात. कोणी 'एळु' म्हणजे सात असे धरतात. ज्येष्ठापासून मोजली तर ती सातवी येते खरी, आणि पेरणीपासूनचा हिशोब म्हणून मला हाच अर्थ आवडतो. शब्द कानडी असण्यात नवल नाही. १९५६ पर्यंत नांदेड, बीदर, गुलबर्गा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्याची वाटणी झाली; सण दोन्हीकडे राहिला.

सणाची वेळ मोठी नाजूक. शाळू निसवलेला, हरभरा फुलावर. काळ्या जमिनीतली ओल आणि गार हवा यांवरच ही पिके पोसतात. पण थंडीने मर्यादा सोडली की हरभऱ्याची फुले गळतात, शाळूच्या कणसात दाणा भरत नाही. अर्धापूरच्या केळीला तर पारा १० अंशांखाली गेला की नवे पान निघणे जवळजवळ थांबते. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडला, की जमिनीची ऊब रातोरात निघून जाते आणि पान हवेपेक्षाही गार होते.

येळवशीला शेतात कडब्याची कोप घालून पूजा होते. आंबील, भज्जी, उंडे यांचे जेवण होते, आणि तिन्हीसांजेला पेटती पेंढी पिकाभोवती फिरवतात. निफाडचे द्राक्षबागाईतदार थंडीत शेकोट्या पेटवतात, तशातलाच हा प्रकार असावा असे वाटते खरे; पण मास्तराने पुराव्यावाचून बोलू नये. एका पेंढीने शिवार तापत नाही. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून पिकाला पाणी दिलेले बरे. आमची विहीर त्या वर्षी आटली होती.

यंदा येळवस नको, असे आई म्हणाली. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी कोप घातली, आंबील घेतली आणि अंधार पडताच पेटती पेंढी घेऊन त्या काळ्या हरभऱ्याभोवती धावले. मी मागे. बांधावर थांबून धापा टाकीत ते म्हणाले, "शाळू हाय अजून."