मीडियमांची भाऊबंदकी

चांद्याच्या रानांत, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, एखाद्या आडवळणाच्या खेड्यांत मूल तापानें फणफणलें तर पुष्कळदां आधीं पुजाऱ्याला बोलावतात आणि मग दवाखान्याची वाट धरतात. आपण शिकलेलीं माणसें हें ऐकून हळहळतों, थोडें हंसतोंही. हंसण्याची ही रीत जुनी आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं मध्यप्रांतांतील गोंडादि जमातींविषयीं जमविलेले कागद त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केले. गोंडांचे देव, त्यांचे विधि, मृतांविषयींच्या त्यांच्या समजुती यांची हकीकत त्या निमित्तानें इंग्रज वाचकापुढें गेली. तो वाचक स्वतः त्या सुमारास काय करीत होता, हें मात्र पाहण्यासारखें आहे.

दोनच वर्षांनीं, १८६८ सालीं, लंडनच्या चॅन्सरी कोर्टांत एक खटला उभा राहिला. जेन लायन नांवाच्या श्रीमंत विधवेला डॅनियल होम या प्रख्यात मीडियमच्या बैठकींत तिच्या मृत पतीचे निरोप येऊं लागले होते. होमला मुलगा मानावें, असा त्या निरोपांचा मतलब. बाईनें त्याला सुमारें ६०,००० पौंड देऊन टाकले. पुढें मन पालटल्यावर तिनें फिर्याद केली आणि कोर्टानें पैसे परत करविले. तरीही राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतली होमची ऊठबस कांहीं थांबली नाहीं.

होमचें यश पाहून लंडनमध्यें मीडियमांचें पीक आलें, आणि पीक उदंड आलें कीं भाव उतरतो. मग प्रत्येकाला दुसऱ्याहून कांहीं अधिक करून दाखविणें भाग पडलें. मिसेस गपी नांवाची एक स्थूलकाय बाई बंद खोलींत फुलांचा व फळांचा पाऊस पाडी. ३ जून १८७१ रोजीं हर्न व विल्यम्स या दोन मीडियमांच्या अंधाऱ्या बैठकींत ती स्वतःच टेबलावर येऊन पडली. हातांत घरखर्चाची वही, आणि म्हणे शाई अजून ओली. हायबरीच्या आपल्या घरून ती तीन मैल हवेंतून आली, असें मंडळींनीं सही करून लिहून दिलें. पण लौकरच फ्लॉरेन्स कुक नांवाची कोवळी पोर पुढें आली. तिच्या पडद्याआडून ‘केटी किंग’ नांवाचा शुभ्रवस्त्रधारी आत्मा सदेह बाहेर येई, पाहुण्यांशीं बोले, त्यांच्या हातांत हात देई. फळाफुलांच्या पावसाला आतां कोण पुसतो? ९ डिसेंबर १८७३ रोजीं व्होकमन नांवाच्या एका गृहस्थानें या आत्म्याचा हात घट्ट धरला. झटापट झाली; भक्तांनीं आत्मा सोडविला आणि व्होकमनच्या दाढीचे चार केस मात्र गेले. पुढें गपीबाई विधवा झाल्यावर याच व्होकमननें तिच्याशीं लग्न केलें! केटीच्या तोंडावर गंधकाम्ल टाकण्याचा बेत गपीबाईनें केला होता, असा आरोपही झाला. तोही दुसऱ्या एका मीडियमकडूनच.

आतां यांत शास्त्रज्ञ कोठें होते? थॅलियम धातूचा शोध लावणारे विल्यम क्रुक्स यांनीं फ्लॉरेन्सची परीक्षा केली, केटीचीं छायाचित्रें घेतलीं आणि १८७४ सालीं तिच्या खरेपणाची ग्वाही दिली. म्हणजे रॉयल सोसायटीच्या सभासदाला जें दिसलें नाहीं तें दाखविण्याचा आटापिटा एका मत्सरी बाईच्या गोटांतून होत होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात तें उगीच नव्हे. खुद्द होमनें १८७७ सालीं एक जाडजूड ग्रंथ लिहून इतर मीडियमांच्या साऱ्या युक्त्या चव्हाट्यावर मांडल्या. खरा मीडियम अर्थात् तो एकटाच! त्याच ग्रंथांत त्यानें न्यूयॉर्कमध्यें १८७५ सालीं निघालेल्या थिऑसफिकल सोसायटीचीही यथेच्छ टवाळी केली आहे.

हा धागा धरून आपण लंडनहून मुंबईस येऊं. कारण त्या सोसायटीच्या प्रवर्तक मॅडम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट हीं दोघें १६ फेब्रुवारी १८७९ रोजीं मुंबई बंदरांत उतरलीं आणि गिरगांवांत बिऱ्हाड करून राहिलीं. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचें तें वर्ष. सरकारला बाई रशियाच्या हेर वाटल्या व पोलीस त्यांच्या मागें फिरूं लागले. आपल्या लोकांना मात्र त्या निराळ्याच वाटल्या. गोरे लोक वेदांपुढें मान लववितात, हें दृश्य नवें होतें. लोकहितवादींसारखा विचारी पुरुष त्यांच्या मंडळींत गेला, तो टेबलें हालतात म्हणून खास गेला नसेल. पण बाईंना केवळ वेदांवर भागविणें जमेना. १८८० च्या ऑक्टोबरांत सिमल्यास ह्यूमसाहेबांच्या पत्नीचा हरवलेला ब्रोच त्यांनीं फुलांच्या वाफ्यांतून काढून दिला. तसाच एक ब्रोच त्याच वर्षीं त्यांनीं मुंबईच्या एका जवाहिऱ्याकडून दुरुस्त करून घेतला होता, असें पुढें चौकशींत निघालें.

बाईंनीं एक धोरण मात्र मोठें चतुराईचें ठेवलें होतें. मीडियमांच्या बैठकींत येतात ते मृतांचे आत्मे नव्हेतच, तीं नुसतीं टरफलें. खरे चमत्कार हिमालयापलीकडील महात्म्यांचे, असा त्यांचा सिद्धान्त. यानें साऱ्या मीडियमांचा धंदा एका वाक्यांत हलका ठरला. साहजिकच तीं मंडळी चवताळलीं, आणि महात्मे हेंच एक थोतांड आहे असें म्हणूं लागलीं. अशा वेळीं, १८८१ च्या अखेरीस, विल्यम एग्लिंटन हा लंडनचा नामांकित मीडियम कलकत्त्यास आला. १८७६ सालीं याच्या पेटींत मलमल व खोटी दाढी सांपडली होती. पण समुद्र ओलांडला कीं अब्रू नवी होते. केलर या अमेरिकन जादूगारानें त्याचे प्रयोग पाहून, हे मला उलगडत नाहींत, असें जानेवारी १८८२ मध्यें वर्तमानपत्रांत छापून दिलें. पुढें त्यानें तें मत बदललें.

आतां दोन प्रतिस्पर्धी एकाच देशांत आले; एक मुंबईस, एक कलकत्त्यास. लंडनचा अनुभव पाहतां दोघांची जुंपावयास हवी होती. झालें भलतेंच. एग्लिंटन ‘व्हेगा’ बोटीनें मार्चमध्यें परत निघाला. बोट सिंहलद्वीप सोडून पुढें गेल्यावर त्यानें जाहीर केलें कीं, खुद्द कूटहूमी महात्मे आपल्या खोलींत येऊन भेटले. आजवर आपण त्यांना मानीत नव्हतों, आतां मानतों. अशा मजकुराचें त्याचें पत्र २४ मार्चच्या संध्याकाळीं भर समुद्रांतून मुंबईस बाईंपाशीं अवतरलें. तेथील मंडळींनीं त्यासोबत आपल्या सह्यांचीं कार्डें दिलीं. आणि सारें पुडकें त्याच रात्रीं हावड्यास कर्नल गॉर्डन यांच्या घरीं, ऑल्कॉटसमक्ष, छतांतून पडलें. कलकत्ता सोडण्यापूर्वीं पत्राच्या दोन प्रती मागें ठेवल्या असत्या, आणि पुढचें सारें आधीं ठरलें असतें, तर यांत अवघड असें काय उरतें? पण तशी शंका त्या वेळीं कोणीं घ्यावी? ज्यानें घ्यावयाची तोच साक्षीदार होऊन बसला होता. एग्लिंटनला महात्म्यांचें वजन मिळालें, बाईंना शत्रूच्या तोंडचें प्रशस्तिपत्र मिळालें. गपीबाई व फ्लॉरेन्स यांना ही अक्कल सुचली असती तर लंडनचा व्यापार कितीतरी निर्वेध चालला असता.

त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस स्वामी दयानंदांनीं मुंबईंत जाहीर व्याख्यान देऊन थिऑसफिस्टांशीं असलेला संबंध तोडला. यांचे चमत्कार ही योगविद्या नव्हे, हातचलाखी आहे, असें त्यांचें म्हणणें. स्वामींचा मतभेद ईश्वराविषयींही होता, म्हणून तो आक्षेप सांप्रदायिक ठरवून बाजूस सारतां आला. घरांतल्या माणसाचा आक्षेप तसा सारतां येत नाहीं.

तें घरचें माणूस म्हणजे एमा कुलों. कैरोस १८७१-७२ मध्यें बाईंनीं मृतात्म्यांचें मंडळ काढलें होतें, तेव्हांची ही ओळखीण. १८८० सालीं ती नवऱ्यासह विपन्नावस्थेंत मुंबईस आली. ती घर सांभाळूं लागली, नवरा सुतारकाम करूं लागला. ब्रीच कँडीच्या बंगल्यांत महात्म्यांचीं पत्रें छतांतून पडत, चांदण्यांत त्यांची आकृति दिसे. १८८४ च्या मेमध्यें अड्यारहून या जोडप्याला काढून टाकलें, तेव्हां एमानें सारें ओकून टाकलें: पत्रें तुळयांच्या फटींतून दोऱ्यानें सोडलेलीं, आकृति म्हणजे आपण मलमलीचें केलेलें बाहुलें. बाईंचीं म्हणून तिनें दिलेलीं पत्रें मद्रासच्या एका मिशनरी मासिकानें सप्टेंबरांत छापलीं. लंडनच्या मानसशास्त्रीय संशोधन मंडळानें रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीस पाठविलें आणि १८८५ च्या डिसेंबरांत त्याचा प्रतिकूल अहवाल निघाला.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भांडणांतून निघालेली साक्ष भांडणाचा वास घेऊनच येते. एमा सूडानें पेटलेली, मिशनरी स्वार्थी. तीं पत्रें खोटीं आहेत असें बाई अखेरपर्यंत म्हणत राहिल्या. शंभर वर्षांनीं, १९८६ सालीं, हस्ताक्षरांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनीं त्याच मंडळाच्या नियतकालिकांत हॉजसनचा अहवाल एकतर्फी असल्याचें लिहिलें. मला स्वतःला हॉजसनचा एकूण निकाल पटतो, अक्षरांविषयींचे त्याचे तर्क तितकेसे पटत नाहींत.

या साऱ्या धामधुमींत एक नांव मनाला लागून राहतें. दामोदर मावळणकर, अहमदाबादेस १८५७ सालीं जन्मलेला, सुखवस्तु कऱ्हाडे ब्राह्मण घराण्यांतला मुलगा. १८७९ सालीं तो मुंबईस बाईंच्या मंडळींत आला. जात सोडली, वडिलांशीं बिघाड पतकरला, इस्टेटीवर पाणी सोडलें, आणि रात्रंदिवस कचेरीचें काम करीत प्रकृति खालावून घेतली. हॉजसननें त्यालाही कटांतला धरलें आहे. कटांतल्या माणसाला कांहीं मिळकत असते; याला काय मिळालें, तें कोठें दिसत नाहीं. हॉजसन मद्रासेंत चौकशी करीत होता तेव्हांच, १८८५ च्या फेब्रुवारींत, दामोदर महात्म्यांच्या भेटीसाठीं अड्यारहून निघाला. दार्जिलिंगवरून तो सिक्कीमच्या डोंगरांत शिरला. त्याच्या वाटेची रोजनिशी एप्रिलच्या तारखांपर्यंत येते. हमालांना त्यानें सामानासह माघारी पाठविलें आणि तो एकटा पुढें तिबेटच्या रोखानें चालूं लागला. बाईंनीं त्याच्या आधींच, ३१ मार्चला, मद्रासेहून यूरोपची बोट धरली होती. एग्लिंटन लंडनमध्यें पाटीवर आत्म्यांचें लेखन करून दाखवीत होता.