आपल्या पूर्वजांची वस्त्रे कोठे आहेत?

मराठी राज्यात अधिकार मिळाल्याचे पहिले चिन्ह वस्त्र हे असे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथास शाहू छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, आणि पुढे 'पेशवाईची वस्त्रे' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. गावपातळीवरही तीच रीत होती. पाटलाच्या मानपानात शेलापागोटे असे, आणि एका पागोट्याच्या मानापायी भाऊबंदांत तंटे माजत. ज्या समाजाने वस्त्रास एवढे मोल दिले, त्या समाजातील सामान्य शेतकऱ्याच्या अंगावरील वस्त्र आज डोळ्यांनी पाहावयाचे म्हटल्यास कोठे जावे?

प्रथम संग्रहालयांकडेच वळावे लागते. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे 'भारत कला भवन' हे विद्यापीठीय संग्रहालय जुन्या वस्त्रांसाठी विख्यात आहे. राय कृष्णदास यांनी १९२० साली स्थापन केलेली ही संस्था १९५० साली विश्वविद्यालयात विलीन झाली. अहमदाबादेस साराभाई कुटुंबाने १९४९ साली स्थापिलेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय तर केवळ वस्त्रांनाच वाहिलेले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही वस्त्रांचे दालन आहे. या ठिकाणी किनखाब, शालू, पैठण्या, शाली पाहून डोळे दिपतात. परंतु भात लावणाऱ्या बाईचे लुगडे अशा दालनांत क्वचितच दृष्टीस पडते. यात संग्राहकांचा दोष फारसा नाही. श्रीमंतांचे वस्त्र पेटीत राहते व सणासुदीस बाहेर येते, म्हणून ते टिकते. आणि तेही सर्व टिकले असे नाही! जुन्या पैठण्यांचे पदर जाळून त्यांतील चांदी काढून घेणारे व्यापारी गावोगाव हिंडत, आणि चार रुपयांच्या मोहाने घरोघरचे पदर त्यांच्या हाती गेले.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे, मूळचे मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राचीन काळासाठी त्यांनाही शिल्पे व चित्रे यांवरच भिस्त ठेवावी लागली. दगडात कोरलेले धोतर राहिले, नेसलेले राहिले नाही. पुण्याच्या डॉ. दिनकर गंगाधर केळकरांची दृष्टी मात्र निराळी होती. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, वस्त्रे, असे घरगुती जीवनातील जे जे दिसले ते त्यांनी जमविले. बालवयात निवर्तलेल्या पुत्राचे, राजाचे, नाव या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सामान्यांच्या वस्तूलाही इतिहास असतो हे ज्यांना पटवून घ्यावयाचे असेल त्यांनी शुक्रवार पेठेतील ते संग्रहालय अवश्य पाहावे.

सामान्यांच्या कापडाचे नमुने पद्धतशीर गोळा करण्याचे काम एका परक्याने केले, आणि त्याचा हेतू व्यापाराचा होता. जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने १८६६ साली हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने कापून, १८ खंडांत चिकटवून, असे २० संच तयार करविले. त्यांतील १३ विलायतेत राहिले व ७ इकडे आले. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना त्याचे सांगणे असे की, राजेरजवाड्यांच्या उंची वस्त्रांकडे न पाहता कोट्यवधी गोरगरिबांच्या साध्या कापडाकडे पाहा. खरी विक्री तेथे आहे. आपल्या लुगड्या-धोतरांचे मोल आपल्याआधी त्याला कळले, हे कबूल केलेच पाहिजे. १८६१ साली आगगाडी आपल्या शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत पोहोचली, आणि विलायतेचे व पुढे मुंबईच्या गिरण्यांचे कापड घाटाच्या पायथ्याशी येऊन पडू लागले. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात एकेका ज्ञातीच्या पोशाखाचे वर्णन आहे खरे. पण ते शब्दांचे वर्णन. कापडाचा पोत शब्दांत येत नाही.

वस्तुतः आपला हा मुलूख कापडाच्या व्यापारास अपरिचित नव्हता. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणजे तेर येथून साधे जाडेभरडे कापड विपुल बाहेर जात असल्याचे लिहिले आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस याने कल्याण बंदराच्या निर्यातीत कापडाचा उल्लेख केला आहे. कल्याण व जुन्नर यांना जोडणारा सातवाहनकालीन नाणेघाट आपल्याच मुरबाड तालुक्यात येतो. त्या वाटेने चाललेल्या बैलांच्या पाठीवर कापडाचे गठ्ठे असत, असे मानण्यास हरकत नसावी.

मग घरचे कापड गेले कोठे? याचे उत्तर कोणत्याही वृद्ध स्त्रीस विचारावे. नऊवारी लुगडे प्रथम सणाला नेसावयाचे, मग रोजचे, मग शेतावरचे. विरले म्हणजे मधला भाग काढून दांड भरावयाचा. दांडही फाटला की त्याची बाळाची झोळी व दुपटी होत. पुरुषाच्या जुन्या धोतराची फडकी होत. पाण्याच्या हंड्याखालची चुंबळ त्याच कापडाची, चुलीपुढचे पोतेरे त्याचेच, आणि शेवटची चिंधी काकड्याला. वाचलेले तुकडे गोधडीत जात. कोकणची दमट हवा, वाळवी, कसर व चुलीचा धूर यांनी उरलेसुरले संपविले. घोंगडीला कसर लागे आणि पानांचे इरले तर एक-दोन पावसाळ्यांचेच सोबती. सारांश, आपल्या पूर्वजांनी वस्त्र टाकले नाही, ते वापरून संपविले; म्हणून त्यांतले काही मागे राहिले नाही.

राहिली ती गोधडी. भातसा धरणासाठी ज्यांना गावठाण सोडावे लागले, त्यांच्या बिऱ्हाडांतूनही अंथरूण म्हणून गोधड्या आल्याच असतील. जुन्या गोधडीचे आतले थर बहुधा सर्वांत जुने असतात, कारण वरून नवे कापड लावीत जाण्याची रीत आहे. एकाच गोधडीत आजेसासूचे लुगडे, सासऱ्याचे पागोटे, खणाच्या चोळीची बाही व गिरणीचे मांजरपाट सापडू शकते. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरे शेतकऱ्यांची आहेत. एवढा जुना वस्त्रसंग्रह त्यांच्यापाशी दुसरा नाही, आणि हल्ली गादी आली की हाच प्रथम उकिरड्यावर जातो.

संग्रहालयात जुने कापड घडी घालून ठेवीत नाहीत, कारण घडीवर धागा तुटतो. धुतलेल्या सुती कापडासह नळीवर गुंडाळतात. नाजूक वस्त्रावर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत. घरी एवढे साधणार नाही. परंतु गोधडी कोरड्या जागी, पोकळ गुंडाळून, वेखंडाची वा कडुनिंबाच्या वाळल्या पानांची पुरचुंडी शेजारी ठेवून सांभाळता येते. ती धुण्यास टाकू नये, आणि कुतूहलानेही उसवू नये. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, ते कोणत्या बाजारातून, कोणाच्या लग्नात आले, हे सांगणारी आजी घरात असेल तर तिच्यापुढे गोधडी उलगडून ठेवावी, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि कागदावर गावाचे नाव व तारीख घालून तो गोधडीसोबतच ठेवावा.