हातातल्या दोन तारा

औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) भडकल दरवाज्याच्या कमानीखाली थांबा. मागून रिक्षावाला हॉर्न देईल, टाऊन हॉलकडे निघालेला एखादा दुचाकीवाला तुम्हाला चुकवून जाईल. जाऊ द्या. तळहात दगडाला टेकवा. दिवसभर ऊन प्यालेला काळा दगड आहे. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून मलिक अंबरानं 1612 साली हा दरवाजा उभारला. आता डोळे मिटा आणि हॉर्न पुरता विरेपर्यंत उघडू नका.

आधी छिन्नीचा आवाज येतो. मग चुन्याच्या घाण्याची करकर आणि बैलाच्या गळ्यातली घंटा. डोळे उघडता तेव्हा कमान नाही. खाम नदीच्या काठचा खडकाळ माळ आहे, त्यावर सुतळीनं आखलेल्या गल्ल्या आहेत. साल 1610. गावाचं नाव खडकी. पाथरवट मान वर न करता दगड घडवताहेत आणि त्यांच्यामधून पांढरा जामा घातलेला, साठी ओलांडलेला एक धिप्पाड हबशी चालत येतो. लोक बाजूला सरतात. तुम्हीही सरता.

हाच तो. जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातला. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. मोखा बंदराच्या बाजारात तो ऐंशी गिल्डरला विकला गेला. बगदादच्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनमध्ये विकला गेला, निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याला. हा चंगीजखानही एके काळचा हबशी गुलामच. धनी वारला, अंबर मोकळा झाला आणि घोडेस्वारांची टोळी बांधून पोटासाठी लढू लागला. 1600 साली अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाही बुडाली असं सगळ्यांनी धरलं. त्या पडझडीतून यानं मुर्तजा नावाचा एक वारस शोधून काढला, त्याला गादीवर बसवलं आणि स्वतःची मुलगीही दिली.

इथवर तुम्ही त्याच्या बाजूचे झालेले असता. मीही दरवेळी होतो.

आता संध्याकाळ होऊ द्या आणि राजवाड्याच्या पडद्याआड उभे राहा. सात वर्षांनी, 1617 मध्ये, डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक अंबराला भेटेल आणि ऐकलेली एक हकिकत लिहून ठेवेल. सुलतान मुर्तजाची थोरली इराणी बेगम अंबराच्या मुलीशी भांडते. तिला गुलाम म्हणून हिणवते, तिच्या बापाचाही उद्धार करते. मुलगी बापाला सांगते. बाप आपल्या कारभाऱ्याला कामाला लावतो आणि सुलतान व ती बेगम, दोघंही विषानं मरतात. गादीवर पाच वर्षांचं पोर येतं.

भांडण होऊन गेलं आहे. पेला अजून भरायचा आहे. दालनात एका समईचा उजेड आहे. पुढे काय होणार हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

इथे मला एक दुसरा काळप्रवासी आठवतो. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका नोव्हेंबर 1963 मध्ये सुरू झाली.  मालिकेतला डॉक्टर निळ्या पेटीतून काळात हिंडतो आणि माणसं वाचवतो. 1975 सालच्या ‘जेनेसिस ऑफ द दालेक्स’ या कथेत दालेक ही संहारक जमात जन्मण्याआधीच संपवायची संधी त्याला मिळते. सुरुंगाच्या दोन तारा त्याच्या हातात आहेत. एकमेकींना टेकवल्या की काम झालं. पण तो थबकतो, आपल्याला हा हक्क आहे का असं सोबत्यांना विचारतो. टॉम बेकरच्या चेहऱ्यावरची ती घालमेल मी विसरू शकत नाही. त्यानं थांबणं बरोबर की चूक, यावर माझं मन आजही एका जागी ठरत नाही. एवढं मात्र कळतं, की तारा दूर ठेवल्या तरी हात कोरडे राहत नाहीत.

त्या तारा आता तुमच्या हातात आहेत. ओरडा, आणि एक माणूस व त्याची बायको जगतील. पण मग अंबर टिकेल का? तो पडला तर मोगलांना दख्खनमध्ये अडवणार कोण? 1624 मध्ये भातवडीला तळ्याचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवणार कोण? तिथे शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. मराठा स्वारांच्या गनिमी काव्याला अंबराच्या लढायांनी जी धार दिली, ती मिळाली असती का?

हे सगळं खरं असूनही त्या पेल्यातलं विष पातळ होत नाही. थोर माणसाचा हिशेब करताना आपण मेलेल्यांची नावं पटकन पुसतो. ज्या मुलीच्या अपमानावरून हे घडलं, तिचं नावही मला सांगता येत नाही. आणि ज्या शब्दानं ती दुखावली, तो अंबराच्या अंगावर मोख्यापासून डागलेला होता. खून माफ करायला हे पुरेसं नाही. पण हे कळल्यावाचून तो माणूस कळत नाही.

तुम्ही ओरडत नाही. समई विझते.

पुन्हा उजेड होतो तेव्हा काही वर्षं उलटली आहेत. मधल्या काळात मोगलांनी खडकी जाळली आणि ती पुन्हा उभी राहिली. जहांगीरानं अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं आहे. त्यात बादशहा भाल्यावर खोवलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. अंबर प्रत्यक्षात त्याच्या हाती कधीच लागला नाही. 1626 मध्ये तो आपल्या मौतीनं जाईल आणि खुलदाबादला निजेल.

पण तुमचं लक्ष पायांखाली आहे. डोंगराकडून जमिनीच्या पोटातून नहर आली आहे. खापरी नळाला नळ जोडून, नुसत्या उतारावर पाणी खेळवत. चौकातल्या हौदात ते पडतं. हात घाला. गार आहे. बायका घागरी भरताहेत, भिश्ती पखाल तोंडाशी आवळतो आहे.

हौदाच्या कडेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा ओंजळीनं पाणी पितो आहे. हबशी आहे, नवा आणलेला. अंगरख्याला अजून घडी आहे. होय, अंबरानंही गुलाम विकत घेतले, आपल्याच मुलखातले. त्यांना शिकवलं, तलवार दिली, पदरी ठेवलं. विकत मात्र घेतलेच.

मुलगा मान वर करून तुम्हाला काहीतरी विचारतो. तुम्हाला कळत नाही. घागरी भरणाऱ्या बायकांना कळत नाही, भिश्त्यालाही नाही. पांढऱ्या जाम्यातला म्हातारा चौक ओलांडताना तो आवाज ऐकून थांबतो. मागचे स्वार थांबतात. तो हौदापाशी येतो, गुडघ्यावर हात टेकून वाकतो आणि त्या मुलाला त्याच्याच भाषेत उत्तर देतो.