चित्रकलेच्या वहीचे पहिले पान

चित्रकलेच्या वहीचे पहिले पान सजवण्याची रीत महाराष्ट्रातल्या शाळांत इतकी रुळली आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वर शाळेचे नाव, मधोमध ठळक अक्षरांत ‘चित्रकला वही’, खाली विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, भोवती नक्षीची चौकट आणि उरलेल्या जागेत एखादे चित्र. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम असो की मुंबईतली शाळा, मांडणी साधारण हीच. मात्र या पानावरचा प्रत्येक घटक वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या वाटेने आलेला आहे.

हस्तलिखित पोथीला आजच्या अर्थाने मुखपृष्ठ नसे. सुट्या पानांची पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधत. पहिल्या पानावर गणेशवंदन आणि लगेच मजकूर सुरू. ग्रंथाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, शक, तिथी हा तपशील बहुधा अखेरीस येई. नाव अगदी पुढे आणि मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सवय छापील पुस्तकाने लावली. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आणि खिळ्यांचे छापखाने आले, तसे पुस्तकाला शीर्षकपान आले आणि त्यावर कर्ता, छापखाना, गाव, साल असे सगळे एका चौकटीत बसू लागले. वहीवरची नाव-इयत्ता-तुकडी ही त्याच शीर्षकपानाची शाळकरी आवृत्ती म्हणता येईल. अभ्यासाच्या साधनावर आरंभी चित्र काढण्याची प्रथा मात्र घरचीच आहे. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटून तिची पूजा करतात. आकडे आणि रेघा यांतून आकृती उभी करण्याचा हा अनेक मुलांचा पहिला अनुभव असे.

शाळेत चित्रकला हा रीतसर विषय झाला तो इंग्रजी अमलात. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. तिथल्या आरंभीच्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. नमुना समोर ठेवून अचूक नक्कल, भूमितीच्या आकृत्या, पानाफुलांची आवर्तने असा तो क्रम. ही शिस्त कोरडी होती, पण कारागीर आणि ड्रॉइंग मास्तर घडवण्यासाठीच ती आखलेली होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांच्या रूपाने ती गावोगावच्या शाळांपर्यंत पोचली. वऱ्हाडचा बुलढाणा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६५ मध्ये महाराष्ट्र राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि या परीक्षा त्याच्याकडे आल्या.

वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे एलिमेंटरीचे विषय पाहिले की वहीच्या पहिल्या पानाचा उगम लगेच ध्यानात येतो. चौकटीची नक्षी संकल्पचित्रातली, समास आणि रेघा भूमितीतल्या, शीर्षक अक्षरलेखनातले. पहिले पान म्हणजे जवळजवळ पूर्ण प्रश्नपत्रिकाच. म्हणूनच अनेक कलाशिक्षक वर्षाच्या सुरुवातीला ते काढून घेत. विद्यार्थ्याचा हात किती तयार आहे ते एका पानात कळे.

यातले सर्वांत अवघड काम अक्षरांचे. देवनागरीत आधी शिरोरेषा आखावी लागते, मग अक्षराची उंची ठरवणारी खालची रेघ. शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रेसाठी, खाली उकारासाठी जागा सोडावी लागते. ‘चित्रकला वही’ हे शीर्षक नवशिक्याला त्या मानाने सोयीचे: वर दोनच वेलांट्या, खाली उकार एकही नाही. तरीही अंतराचा अंदाज चुकतोच. पहिली अक्षरे ऐसपैस येतात आणि ‘ही’ समासाला टेकते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे अक्षरे आधी कच्च्या कागदावर मोजून घेणे आणि मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना लिहीत जाणे.

आकर्षक मुखपृष्ठ कसे असते, हे मुलांना परीक्षेपेक्षा मासिकांनी अधिक शिकवले. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि त्यानंतर दिवाळी अंक ही चित्रकारांची हक्काची जागा झाली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रे घराघरांत लागली. या दोघांच्या गुळगुळीत, उजळ रंगांच्या आकृत्या पाहून चित्र काढणारी एक पिढीच तयार झाली. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी शीर्षकाच्या अक्षरालाच चित्राचे रूप दिले. शाळकरी वहीत शिरोरेषेवर पाने फुटलेली किंवा कान्याची पेन्सिल झालेली अक्षरे दिसतात, ती याच वळणाची.

हिवरा आश्रमाच्या वह्यांना चित्रविषय गावातच मिळतो. शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभारला आणि त्याच्यासोबत शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. गावाचे आजचे नावही आश्रमावरूनच पडले. फेटा बांधलेले, हाताची घडी घातलेले विवेकानंद हे देशभर शाळकरी मुलांच्या हातून निघणारे चित्र. ती मुद्रा १८९३ मध्ये शिकागोच्या थॉमस हॅरिसन यांच्या स्टुडिओतल्या छायाचित्रातली. तिथल्याच गोज लिथोग्राफिंग कंपनीने ती रंगीत भित्तिपत्रकावर छापली. पुढे दिनदर्शिका आणि पाठ्यपुस्तके यांतून ती सर्वत्र गेली. मोजक्या ठाम रेषांत उतरते, म्हणूनही ती मुलांना सोपी वाटते. स्मरणचित्राला तर विवेकानंद जयंती महोत्सवातली महापंगत आहेच. शिस्तीत बसलेल्या रांगा आणि त्यांच्यामधून ट्रॅक्टरने वाढली जाणारी पुरी-वांग्याची भाजी. दूर जाताना लहान होत जाणाऱ्या रांगांचा यथादर्शनाचा धडा यापेक्षा चांगला कुठल्या पुस्तकात मिळणे कठीण.

साधनेही बदलत गेली. दि. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिन कंपनीचे रंग पुढे शाळांच्या दप्तरांत आले. रंगपेटी सर्वांना परवडत नसे, तेव्हा भेंडी-बटाट्याचे ठसे, रंगात बुडवलेल्या दोऱ्याची नक्षी, पान ठेवून जुन्या टूथब्रशने रंग शिंपडणे या युक्त्यांनी चौकट भरली जाई. आता मोबाइलवर तयार नमुने मिळतात आणि शीर्षक छापून चिकटवलेही जाते. चौकट आणि चित्र त्यामुळे सफाईदार झाले. हाताने आखलेली शिरोरेषा मात्र पहिल्या पानावर कमी दिसू लागली असून ती मुख्यतः ग्रेड परीक्षेच्या सरावापुरती उरली आहे.