देवीच्या हाती शस्त्र, बाईच्या हाती काय?

नवरात्रात आपल्या अचलपुरात महिषासुराला मारणारी सशस्त्र देवी बसते. आमचा प्रश्न साधा आहे : देवीला शस्त्र शोभते, तर मनुस्मृतीने बाईला स्वातंत्र्यच का नाकारले? ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. वेदांतल्या देवी लढत नाहीत, पुराणांतल्या लढतात. मग देव काय करत होते?

आता खरी लढवय्यी बाई पाहा. इमादशाहीची राजधानी असलेले अचलपूर १५७४ मध्ये निजामशाहीत गेले. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा तटाचे भगदाड चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले. तहात वऱ्हाड गेले, पण किल्ला पडला नाही. १६०० मध्ये तिला मारले ते मोगलांनी नव्हे, तिच्याच माणसांनी! म्हणजे मूर्तीतली शूर बाई पूज्य, हाडामांसाची मात्र असह्य.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेने बायकांसाठी घटस्फोटाचा हक्क मागितला. हातात तलवार नव्हती, ठराव होता. तरुणांनो, आपल्या वीरांगना मखरात नाही, इथे शोधा.

जय भीम!