टॅक्स क्रेडिट, चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितीचे (अमेरिकेतील राज्ये)

चित्रपट किंवा मालिकेचे चित्रीकरण आपल्या हद्दीत व्हावे म्हणून अमेरिकेतील घटकराज्ये निर्मात्याच्या स्थानिक खर्चाचा काही हिस्सा राज्याच्या करातून सोडतात, ती सवलत. हा हिस्सा बहुतेक ठिकाणी 20 ते 30 टक्के असतो. भारतातील आयकरात मिळते तशी ही वजावट नव्हे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होते. क्रेडिट थेट देय करातून वळते होते. एक डॉलरचे क्रेडिट म्हणजे कराचा एक डॉलर भरलाच असे धरले जाते.

मौज अशी की ज्याला हे क्रेडिट मिळते त्याला त्या राज्यात बहुधा कर भरायचाच नसतो. अमेरिकेत एका चित्रपटासाठी एक स्वतंत्र कंपनी काढण्याची रीत आहे. ती काही महिने भाड्याच्या कचेरीतून कारभार करते, चित्रीकरण संपले की गाशा गुंडाळते, आणि तिचा त्या राज्यातला नफा शून्याच्या आसपास असतो. तिला नुसत्या क्रेडिटचा उपयोग नाही. म्हणून राज्यांनी दोन वाटा काढल्या. एकीत कर वजा जाऊन उरलेली रक्कम राज्य रोखीने देते. न्यू मेक्सिको व न्यूयॉर्क हे करतात. दुसरीत क्रेडिट विकता येते. जॉर्जियात 2 कोटी डॉलर खर्च करणाऱ्या निर्मात्याला 30 टक्के दराने 60 लाखांचे क्रेडिट मिळाले, तर तो ते दलालामार्फत एखाद्या नफ्यातल्या कंपनीला किंवा धनिकाला दर्शनी किमतीपेक्षा काहीशा कमी भावाने विकतो. घेणारा पुढे पूर्ण 60 लाखांचा कर त्यातून भागवतो. मधली तफावत खरेदीदार आणि दलाल यांच्या खिशात जाते. तिजोरीला साठ लाखांची झळ बसते आणि चित्रपटाला त्याहून कमी मिळतात. मॅसॅच्युसेट्सने तर निर्मात्याला खरेदीदार शोधत फिरायला नको म्हणून दर्शनी किमतीच्या 90 टक्क्यांना क्रेडिट स्वतःच परत घेण्याची सोय ठेवली आहे. व्यवहार सरकारी अनुदानाचाच. पण तो खर्चाच्या बाजूला न दिसता न आलेल्या महसुलात दिसतो, त्यामुळे विधिमंडळात दरवर्षी त्यावर मत मागावे लागत नाही. या योजना इतक्या टिकल्या, त्याचे निम्मे कारण यात आहे.

कोणता खर्च धरायचा यावर सगळा खेळ असतो. लेखक, दिग्दर्शक, निर्माते व प्रमुख नट यांचे मानधन हा अंदाजपत्रकातला एक भाग. सुतार, लाइटमन, रंगभूषाकार, वाहनचालक, कॅमेरा विभाग यांची मजुरी हा दुसरा. कॅलिफोर्निया पहिला भाग धरतच नाही. जॉर्जिया बाहेरून आलेल्या नटांचे मानधनही धरते, आणि मोठ्या नटांचे चित्रपट तिकडे का वळले याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका फरकात मिळते.

स्पर्धेची सुरुवात कॅनडाने केली. तेथील संघ सरकारने 1997 मध्ये परदेशी निर्मितीसाठी क्रेडिट सुरू केले, प्रांतांनी त्यात भर घातली, शिवाय कॅनडाचा डॉलर स्वस्त होता. हॉलीवूडचे काम उत्तरेकडे जाऊ लागले. ‘शिकागो’ हा चित्रपटसुद्धा टोरांटोत झाला. त्याला उत्तर म्हणून लुइझियाना राज्याने 2002 मध्ये विकता येणाऱ्या क्रेडिटची योजना आणली आणि न्यू मेक्सिकोनेही त्याच वर्षी आपली. गायक रे चार्ल्स यांचा जन्म जॉर्जियाचा, पण त्यांच्यावरचा ‘रे’ (2004) लुइझियानात चित्रित झाला. ही गोष्ट जॉर्जियाला चांगलीच झोंबली आणि तेथे 2005 मध्ये कायदा आला. कथेचे गाव करावर ठरण्याची उदाहरणे पुढे वाढतच गेली. फिट्झजेराल्डच्या कथेतला बेंजामिन बटन बाल्टिमोरचा. पडद्यावर तो न्यू ऑर्लीन्सचा झाला. लॉस एंजेलिसवर परग्रहवासीयांनी केलेला हल्ला ‘बॅटल: लॉस एंजेलिस’मध्ये लुइझियानातच परतवला गेला. ‘ब्रेकिंग बॅड’चे कथानक मुळात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला घडायचे होते, सवलतीमुळे ते न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेले आणि ते शहर मालिकेत असे मुरले की आता दुसरीकडे कल्पनाही करवत नाही. न्यू मेक्सिकोने 2013 मध्ये मालिकांसाठीचा दर 30 टक्क्यांवर नेला, त्या विधेयकाला लोक याच मालिकेच्या नावाने ओळखत.

जॉर्जियाची योजना सर्वांत मोठी ठरली. 2008 पासून मूळ 20 टक्के, आणि श्रेयनामावलीत राज्याचे पीच फळाचे बोधचिन्ह दाखवले की आणखी 10 टक्के. राज्यात किमान 5 लाख डॉलर खर्च हवा; वार्षिक कमाल मर्यादा नाही. ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका तेथे 2010 पासून चालली, फेएटव्हिलला 2014 मध्ये मोठा स्टुडिओ उभा राहिला (आजचे नाव ट्रिलिथ), मार्व्हलचे चित्रपट तेथे झाले, आणि 2019 मध्ये चित्रपटनिर्माते टायलर पेरी यांनी अटलांटातील फोर्ट मॅकफर्सन या जुन्या लष्करी तळावर आपला स्टुडिओ सुरू केला. स्थानिक सुतार, वायरमन, खानपानवाले यांची एक पिढी यावर उभी राहिली, हे विरोधकही नाकारत नाहीत. मात्र राज्याच्या लेखापरीक्षा विभागाने जानेवारी 2020 मध्ये योजनेवर कडक ताशेरे ओढले: अपात्र खर्चावर क्रेडिट दिले गेले, आणि आर्थिक लाभ सांगताना प्रत्यक्ष खर्चाला 3.57 ने गुणून फुगवलेला आकडा सांगितला गेला. त्याच वर्षी प्रत्येक क्रेडिटचे लेखापरीक्षण बंधनकारक करणारा कायदा झाला. मर्यादा मात्र घातली गेली नाही.

मिशिगनची कहाणी उलट आहे. मोटार उद्योग बसत चालला होता, तेव्हा राज्यपाल जेनिफर ग्रॅनहोम यांच्या कारकिर्दीत 2008 मध्ये 42 टक्क्यांपर्यंत क्रेडिट जाहीर झाले, देशात सर्वाधिक. पाँटिअ‍ॅक येथे जनरल मोटर्सच्या जुन्या इमारतीत स्टुडिओ झाला. त्याच्या कर्जरोख्यांना राज्याच्या निवृत्तिवेतन निधीची हमी होती. 2012 मध्ये हप्ता थकला आणि तो निधीला भरावा लागला. पुढचे राज्यपाल रिक स्नायडर यांनी योजना आवळत आणली व 2015 मध्ये ती बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. आलेले निर्माते दुसऱ्या राज्याच्या वाटेला लागले. कारखाना हलवायला वर्षे लागतात. चित्रपटाचा संसार ट्रकमध्ये मावतो. मिशिगनला हा फरक महागात पडला.

हाच ट्रक मेरीलँडला दाखवला गेला. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या मालिकेचे कथानक वॉशिंग्टनमधले, चित्रीकरण मेरीलँडचे. 2014 च्या आरंभी निर्माती कंपनीने राज्यपालांना लिहून कळवले की पुरेसे क्रेडिट मिळाले नाही तर आपण सेट मोडून दुसऱ्या राज्यात जाऊ. चिडलेल्या कनिष्ठ सभागृहाने, मालिका गेलीच तर तिची मालमत्ता राज्याने संपादित करावी, अशी तरतूदच अर्थसंकल्पाला जोडून मंजूर केली. ती प्रत्यक्षात कधी लागू झाली नाही. तडजोड होऊन मालिका राहिली, पण सत्ताकारणातल्या दमदाटीवरची मालिका आणि तिच्यासाठीच सरकारला घातलेला हा दम, हे जुळून आलेले नाट्य वृत्तपत्रांना पुरून उरले.

गैरव्यवहारही झाले. लुइझियानाच्या चित्रपट कार्यालयाच्या माजी प्रमुखाने फुगवलेल्या खर्चावर क्रेडिट देण्यासाठी लाच घेतल्याचे कबूल केले. आयोवात क्रेडिटच्या आधारावर आलिशान मोटारी घेतल्याचे 2009 मध्ये उघड झाल्यावर राज्यपालांनी योजनाच थांबवली.

कॅलिफोर्निया या शर्यतीत उशिरा उतरले. 2009 ची पहिली योजना वर्षाला 10 कोटी डॉलरची, आणि अर्ज इतके की चिठ्ठ्या टाकून निवड व्हायची. 2014 च्या कायद्याने रक्कम 33 कोटींवर गेली व चिठ्ठ्यांऐवजी रोजगारनिर्मितीवर क्रम लागू लागला. जुलै 2025 मध्ये ती 75 कोटी झाली. न्यूयॉर्कची योजना 2004 ची. 2023 मध्ये तिची मर्यादा 42 कोटींवरून 70 कोटींवर नेली गेली. त्या राज्याने मधे अशा कार्यक्रमांसाठी कलम घातले की जे किमान 200 प्रेक्षकांसमोर होतात आणि निदान पाच हंगाम राज्याबाहेर झाले आहेत. वर्णन ‘द टुनाइट शो’ला बेतून शिवल्यासारखे बसत होते, आणि 2014 मध्ये तो कार्यक्रम बर्बँकहून न्यूयॉर्कला आलाही.

फायदा झाला का, यावर बहुतेक स्वतंत्र अभ्यासकांचे मत प्रतिकूल आहे. रॉबर्ट टॅननवाल्ड यांनी 2010 मध्ये आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मायकेल थॉम यांनी त्यानंतर दाखवले की राज्याला मिळणारा करमहसूल दिलेल्या सवलतीच्या जवळपासही जात नाही आणि रोजगारावरचा परिणाम किरकोळ किंवा अल्पजीवी असतो. चांगल्या पगाराचे बरेचसे लोक बाहेरून येतात आणि पगार घेऊन परत जातात. समर्थक पर्यटन आणि राज्याची प्रतिमा पुढे करतात. अल्बुकर्कीत ‘ब्रेकिंग बॅड’ची स्थळे दाखवणाऱ्या सहली खरोखरच निघतात, पण प्रत्येक राज्याच्या नशिबी अशी मालिका नसते.

भारतात याच्याशी थेट नाते सांगणारी योजना केंद्र सरकारची आहे. परदेशी निर्मितीला भारतातील खर्चाच्या 30 टक्के परतावा देण्याची घोषणा 2022 मध्ये कान महोत्सवात झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दर 40 टक्के व कमाल मर्यादा 30 कोटी रुपये करण्यात आली. यात क्रेडिटची खरेदी-विक्री नाही. पैसे खर्चाच्या प्रमाणात सरळ मिळतात. महाराष्ट्राचे मराठी चित्रपटांना मिळणारे अनुदान मात्र वेगळ्या जातीचे. ते पूर्ण झालेला चित्रपट पाहून, अ किंवा ब दर्जा ठरवून दिले जाते. अमेरिकी राज्ये सहसा चित्रपटाचा दर्जा तपासत नाहीत, बिले तपासतात.