भांड्यावरचे नाव



घर कसे सजवावे हा कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा विषय नव्हे, असे कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी शेतघरे उभी राहिली, ज्यांना आपण सर्रास 'फार्महाऊस' म्हणतो, त्यांच्या ओसरीवर ज्या जुन्या वस्तू मांडलेल्या दिसतात त्या बहुतेक कष्टाच्या वस्तू आहेत. आणि कष्टाचा इतिहास हा माझा विषय आहे.

फाटक उघडून आत गेले की भिंतीला टेकवलेले बैलगाडीचे चाक दिसते. अंगणात जाते मांडलेले असते. उखळात पाणी भरून त्यावर फुले सोडलेली असतात. तांब्याचा बंब चकाकत एका कोपऱ्यात उभा, आणि पितळी हंड्यावर काच ठेवून त्याचे टेबल केलेले. भिंतीवर वारली चित्रे. वारली समाज डहाणू, तलासरी, जव्हारकडचा. आपल्या डोंगरात राहतात ते ठाकूर आणि कातकरी. पण ते असो. मी या हौसेला हसत नाही. आजीचे जाते जो माणूस शहरातल्या दोन खोल्यांत ठेवू शकला नाही, पण फेकूनही देऊ शकला नाही, तो ते येथे आणून मांडतो, यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ती आजी कोणाची?

जुन्या हंड्याच्या काठाखाली आपण कधी निरखून पाहिले आहे काय? तेथे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव असते. भांडे घेतले की दुकानातच बारीक छिन्नीने आणि हातोडीने नाव घालून घेण्याची आपली रीत. पुढे त्यासाठी विजेचे यंत्र आले. कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ, मामाकडून की आत्याकडून, गाव कोणते, तारीख कोणती, एवढा मजकूर चार ओळींत मावत असे. श्रोतेहो, मी शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. पण मला असे दिसते की ज्या काळात सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच लागे, त्या काळात ते हंड्यावर लागत होते. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला आणि देशभर २००५ साली. त्याच्या कितीतरी आधी तांब्यापितळेवर तिची नोंद होत होती. गरीब घरातील स्त्रीचा लेखी इतिहास पुष्कळदा एवढाच आहे. आणि भांडे उजळून चकचकीत करताना नेमका तोच घासून काढला जातो!

ही रीत केवळ आपलीच नाही. नॉर्वे हा डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेला देश, एका अर्थी आपल्या कोकणासारखाच. तेथेही शेतजमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. १८२५ साली स्टाव्हांगर बंदरातून पहिले लहानसे गलबत अमेरिकेला गेले, आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसे त्या वाटेने गेली. कोकणी माणूस वळकटी आणि ट्रंक घेऊन गिरणगावात आला, तशी ही माणसे लाकडी पेट्या घेऊन गेली. त्या पेट्यांवर वेलबुट्टी रंगवलेली असे, आणि त्या वेलबुट्टीत मालकाचे नाव व साल. आज मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या शेतावरच्या घरांत नातवंडा-पतवंडांनी ही पेटी बैठकीच्या खोलीत मानाने ठेवलेली असते. तिच्यात आता पांघरुणे ठेवतात. पण नाव पुसत नाहीत, कारण ते नाव हीच तिची किंमत.

खुद्द नॉर्वेत लिलेहामर गावी आंदर्स साँडविग नावाचा दातांचा वैद्य होता. तो दऱ्याखोऱ्यांतून दात काढीत हिंडे आणि जुन्या वस्तू जमवी. वस्तू पुरेनात तेव्हा त्याने सबंध जुनी लाकडी घरे उचलून आणली. १९०४ साली माइहाउगेनच्या टेकडीवर त्यांचे संग्रहालय झाले. आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी हेच केले. चष्म्याचे दुकान चालवणारा हा कवी अडकित्ते, दिवे, दौती, लाटणी जमवीत राहिला आणि वारलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला. एक दातांचा वैद्य, एक चष्मेवाला. पंडितांच्या आधी या माणसांना कळले की राजाच्या तलवारीइतकेच लाटणेही जपण्यासारखे असते.

आता आपल्या शेतघरातल्या हंड्याकडे वळू. तो बाजारात आला कसा? काही भांडी सुखाने गेली. स्टील आले, कल्हईचा त्रास नको झाला, बायकांनी जड पितळ वजनावर घालून हलकी भांडी घेतली. परंतु बरीच भांडी सुखाने गेली नाहीत. आषाढ-श्रावणात घरातले भात संपले की शेतकऱ्याजवळ गहाण टाकायला दोनच गोष्टी: बायकोच्या अंगावरचे आणि चुलीजवळचे. माथेरानचे भाई कोतवाल यांना आपण सिद्धगडचे हुतात्मा म्हणून ओळखतो. २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह ते तेथे पडले. पण त्याआधी या माणसाने सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्याचे कोठार काढले होते, हे कमी सांगितले जाते. त्या कोठाराने किती हंडे घरात राहिले असतील, याचा विचार करावा.

नंतरची गोष्ट मी पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा शाळकरी पोर. आमच्या चाळीत आधी मंगळसूत्रातले मणी गेले, मग घड्याळ, मग पातेली. आमच्या घरचा हंडा त्याच पावसाळ्यात गेला. दुकानदाराने तो तराजूत टाकला आणि मोडीच्या भावाने पैसे दिले. 'मोडीत काढणे' हे शब्द आपण आज माणसांबद्दल, कारखान्यांबद्दल सहज वापरतो. मी ते पहिल्यांदा तेथे ऐकले.

शेतघरांत मला आणखी एक वस्तू दिसते, ती पायली. चार शेरांचे हे माप. आता तिच्यात वाळलेली फुले खोवतात. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पायलीचे राज्य संपले, पण त्याआधी खळ्यावर कुळाचा खंड तिनेच मोजला जाई. भरताना शीग किती ठेवायची, हे मोजणाऱ्याच्या हातावर आणि हात मालकाच्या मर्जीवर. याच जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी जमीन कसली नाही; डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन त्यानंतरचे. त्याच कायद्याचे त्रेसष्टावे कलम सांगते की शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून शेतघर बांधू इच्छिणारे पुष्कळ मुंबईकर आधी आजोबांच्या गावी जातात आणि जुना सातबारा शोधतात. माझ्या मते शेतघरातली सर्वांत मोलाची वडिलोपार्जित वस्तू तो कागद आहे, आणि ती कोणी भिंतीवर लावीत नाही!

ज्यांच्याजवळ असा कागद कधीच नव्हता त्यांचे काय? कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पावसाला परततो. बिऱ्हाड पाठीवर, त्यामुळे टिकेल असे जड काही त्याच्या घरी साठतच नाही. बांबूची टोपली आणि इरले एकदोन पावसाळ्यांत संपते. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या ठाकूरवाडीवर दरड आली. चार दिवसांनी शोध थांबला. कित्येक माणसे आणि घरे तेथेच राहिली. वाचलेल्यांसाठी सरकारने चौकजवळ नवी घरे बांधली. वरच्या चुलीपासची जाती-पाटे मातीखाली आहेत.

शेतघराचे मालक कधीकधी मला विचारतात की मग आम्ही करावे काय. मी सांगतो, नाव घासू नका. भांडे कोणाकडून, कोणत्या गावाहून, केवढ्याला घेतले, हे एका वहीत लिहा. आणि घर राखणारी जी बाई रोज त्या वस्तूंवरची धूळ पुसते, तिच्याजवळ घटकाभर बसा. जात्याला टाकी किती दिवसांनी लावावी, खुंटा कोणत्या लाकडाचा बसवावा, दोघींनी समोरासमोर बसून दळताना हात कसा बदलावा, हे तिला ठाऊक असते. तेही त्याच वहीत, तिच्या नावानिशी लिहा.